घरोघरी मांडलेली कंपनी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

संगणकावर काम करणाऱ्या माणसाचे जे चित्र आपल्या मनात असते, ते एकट्याचे असते. समोर पडदा, कानाला लावलेले यंत्र, बाजूला गार झालेला चहा आणि रात्रीचे दोन वाजलेले. या लोकांना शेजारपाजार नसतो, यांना गप्पा ठाऊक नसतात, असे आपण सहज म्हणून जातो. मी कविता लिहिणारी बाई. मला या चित्राविषयी कुतूहल आहे, कारण आमचाही उद्योग एकट्याचाच. पण कविता एकटीने लिहिली तरी कवीला मुशायरा लागतो, संमेलन लागते, ते नाही तर निदान एखाद्या मैत्रिणीची ओसरी लागते. तिथे कोणीतरी मान डोलावते, कोणीतरी ‘हा शब्द खटकतो गं’ म्हणते, आणि मग ती कविता आपल्या पायांवर उभी राहते. मग संगणकाच्या या कारागिरांची ओसरी कोणती? ती त्यांना कधी होती का?

होती. त्या ओसरीची एक हकिकत आज सांगायची आहे. ती इंग्लंडमधली आहे आणि साठ वर्षांहून जुनी आहे. २०२० साली टाळेबंदी झाली, तेव्हा ‘घरून काम’ ही काहीतरी नवीच गोष्ट जगात आली असे आपल्याला वाटले. पण घरी बसून संगणकाचे काम करणाऱ्या शेकडो बायकांची एक कंपनी १९६२ सालीच निघाली होती. आणि गंमत म्हणजे, त्यांच्यापैकी कोणाच्याही घरात संगणक नव्हता.

ही कंपनी काढली स्टेफनी शर्ली यांनी. त्यांचे मूळ नाव व्हेरा बुखथाल. जन्म १९३३चा, जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरातला. वडील ज्यू आणि पेशाने न्यायाधीश. हिटलरच्या राज्यात ज्यू माणसाला न्यायासनावर जागा उरली नाही. कुटुंब व्हिएन्नाला गेले, पण तिथेही नाझी पोहोचले. त्या काळात ज्यू मुलांना आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवण्याची मोहीम चालू होती. दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वी अशी सुमारे दहा हजार मुले वाचली. १९३९च्या जुलैमध्ये पाच वर्षांची व्हेरा आणि तिची नऊ वर्षांची बहीण अशाच एका गाडीतून लंडनला उतरल्या. एका अनोळखी इंग्रज जोडप्याने त्यांना सांभाळले. आपला जीव वाचवला गेला आहे, तर तो वाचवण्यालायक होता हे आपल्या आयुष्याने दाखवले पाहिजे, ही गोष्ट या मुलीने फार लवकर मनाशी पक्की केली. पुढे त्यांनी ती अनेकदा सांगितली.

अठराव्या वर्षी त्या ब्रिटिश पोस्ट खात्याच्या डॉलिस हिल इथल्या संशोधन केंद्रात नोकरीला लागल्या. पोस्ट खाते म्हटल्यावर आपल्याला लाल पेटी आठवते. पण हे केंद्र म्हणजे मोठी प्रयोगशाळा होती. युद्धकाळात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडणारे कोलोसस हे यंत्र टॉमी फ्लॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच बांधले होते. स्टेफनी दिवसा तिथे काम करत आणि संध्याकाळी गणिताच्या वर्गाला जात. अशी सहा वर्षे शिकून त्यांनी पदवी मिळवली. १९५९ साली डेरेक शर्ली या भौतिकशास्त्रज्ञाशी लग्न केले. मग एका संगणक कंपनीत नोकरी धरली. तिथे काम उत्तम चालले होते, पण एका बैठकीत त्यांनी किमतीविषयी काही सुचवले तेव्हा ‘तुम्ही तांत्रिक बाजूच्या, तुमचा याच्याशी काय संबंध’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले. त्यांनी नोकरी सोडली. १९६२ साली सहा पौंडांच्या भांडवलावर, घरातल्या जेवणाच्या टेबलावर, त्यांनी ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ नावाची कंपनी सुरू केली.

लोक हसले, आणि त्याला दोन कारणे होती. पहिले असे की, प्रोग्रॅम ही विकण्याची वस्तू आहे हेच तेव्हा कोणाला पटत नव्हते. संगणक म्हणजे लोखंडाचे भले मोठे कपाट. त्या कपाटाचे पैसे द्यायचे आणि त्याला काय करायचे हे सांगणारा प्रोग्रॅम त्याच्यासोबत फुकट यायचा. बाजारात जशी भाजीबरोबर मूठभर कोथिंबीर येते तसा. आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीनेसुद्धा प्रोग्रॅमची किंमत वेगळी लावायचे १९६९ साली ठरवले. त्याच्या सात वर्षे आधी ही बाई नुसती कोथिंबीर विकायला बसली होती.

दुसरे कारण त्याहून मोठे. कंपनीत काम करणार होत्या बायका, आणि त्याही लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या. त्या काळात इंग्लंडमध्ये गणित शिकलेल्या, यंत्रांवर काम केलेल्या कितीतरी मुली होत्या. लग्न झाले की नोकरीतून बाजूला व्हायचे आणि मूल झाले की घरीच राहायचे, अशी रीत होती. ती कुठे लिहिलेली असो वा नसो, सगळ्यांना पाठ होती. शर्लींनी नेमक्या याच बायका गोळा केल्या. १९६४च्या सुमारास वर्तमानपत्रात त्यांच्याविषयी छापून आले, तशी पत्रे येऊ लागली. पुढे कंपनी वाढली. तिच्या पहिल्या तीनशे लोकांमध्ये पुरुष होते फक्त तीन.

आता हे काम घरी व्हायचे कसे? प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे खरोखरच लिहायचा, पेन्सिलीने, कागदावर. आधी कामाच्या पायऱ्यांचा आराखडा काढायचा. मग एकेक आज्ञा रकान्यांच्या कागदावर उतरवायची. तो कागद टपालाने केंद्रावर जायचा, तिथे त्याच्यावरून कार्डांना किंवा कागदी फितीला भोके पाडली जायची, खातरजमेसाठी तेच काम पुन्हा एकदा केले जायचे, आणि मग ते यंत्रात जायचे. म्हणजे घरी लागायचे काय, तर टेबल, पेन्सिल आणि टेलिफोन. कामासाठी अर्ज करणाऱ्या बाईला ‘तुमच्याजवळ टेलिफोनची सोय आहे का’ हे मुद्दाम विचारले जाई.

शर्लीबाईंनी मोठमोठ्या कंपन्यांना पत्रे पाठवली. खाली सही स्टेफनी शर्ली. उत्तर येईना. तेव्हा नवऱ्याने सुचवले, ‘स्टीव्ह’ अशी सही करून बघ. स्टीव्ह हे पुरुषाचे नाव. स्टीव्ह शर्लींना उत्तरे येऊ लागली, भेटी ठरू लागल्या. समोर बाई आहे हे कळेपर्यंत ती खोलीत येऊन बसलेली असायची. आणखी एक युक्ती होती. टंकलेखनाच्या खडखडाटाची एक ध्वनिफीत करून ठेवली होती. फोन वाजला की ती लावायची. पलीकडच्याला वाटावे, काय गजबजलेले कचेरी आहे! प्रत्यक्षात त्या आवाजाखाली बाळाचे रडणे लपवलेले असे. हे ऐकून आपण हसतो, मीही हसले. पण आपल्या लेकराचा आवाज लपवावा लागणे ही काही हसण्याची गोष्ट नव्हे. पोट भरण्यासाठी आईपण झाकून ठेवावे लागले, त्याचा हा पुरावा आहे.

या बायकांनी कोणती कामे केली? मालगाड्यांची वेळापत्रके आखण्याची केली. आणि सगळ्यांत गाजले ते काँकॉर्डचे. आवाजापेक्षा वेगाने उडणारे हे प्रवासी विमान १९६९ साली पहिल्यांदा आकाशात झेपावले. विमानाच्या सगळ्या हालचालींची नोंद ठेवणारी पेटी, जिला आपण ब्लॅक बॉक्स म्हणतो, तिच्या प्रोग्रॅमचे काम या घरबसल्या बायकांकडे आले. त्या कामाच्या प्रमुख अॅन मोफॅट यांचे १९६६ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. स्वयंपाकघरातले टेबल आहे, त्यावर कागद पसरले आहेत आणि जवळ तान्ही मुलगी आहे. आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानाचे गणित त्या टेबलावर चालले होते.

आता मी मुद्द्याकडे येते. काम घरी नेणे सोपे असते. अवघड असते ते घरोघरी विखुरलेल्या माणसांना एक ठेवणे. एकमेकींचे तोंड क्वचित पाहणाऱ्या या बायका एका कंपनीच्या होत्या म्हणजे नेमके काय होते?

हे समजून घेताना मला सारखी माझी अम्मी आठवते. आम्ही सोलापूरचे. सोलापुरात हजारो घरांत बायका विड्या वळतात, तशी ती वळायची. ब्रँचमधून पान आणि तंबाखू आणायचा, रात्री पान भिजवून ठेवायचे, सकाळी पत्रा ठेवून कात्रीने कापायचे आणि मांडीवर सूप घेऊन बसायचे. हिशोब हजारावर. हेही घरकामच, घरून केलेले काम. पण अम्मी कधी एकटी बसलेली मला आठवत नाही. गल्लीतल्या आठ-दहा जणी एका अंगणात बसायच्या. कोणी तेलुगू बोलणारी, कोणी कानडी, आमच्यासारख्या दखनी बोलणाऱ्या, आणि सगळ्यांची मिळून एक मोडकीतोडकी मराठी. एखादी शिकलेली पोर पेपर वाचून दाखवायची. कोणाचे लेकरू तापाने फणफणले तर बाकीच्या जणी तिचा हजार पुरा करून द्यायच्या. हे शक्य व्हायचे, कारण सगळ्यांच्या विड्या एकाच मापाच्या असायच्या. ही कोणाची आणि ती कोणाची हे ओळखू येता कामा नये, यातच खरे कसब होते. माप चुकले तर कारखान्यात ती विडी छाट म्हणून बाजूला पडायची, आणि तिची मजुरीही बुडायची.

शर्लींच्या कंपनीने सुरुवातीच्या काळात जे काम अंगावर घेतले, त्यात प्रोग्रॅम लिहिण्याच्या आणि त्यावर देखरेख ठेवण्याच्या पद्धती ठरवण्याचे काम होते, हे वाचले तेव्हा मला ते अंगण आठवले. काम कसे मांडायचे, कागद कसा भरायचा, काय झाले आणि काय राहिले याची नोंद कशी ठेवायची, याचे नियम त्यांनी लिहून काढले. वरवर पाहता ही कोरडी गोष्ट वाटते. पण एकीचा कागद दुसरीला वाचता आला, तरच एकीच्या अडचणीला दुसरी धावून जाऊ शकते. ज्या कामात प्रत्येकाची रीत वेगळी, तिथे आजारपण म्हणजे काम बुडणे. ज्या कामाची रीत एक, तिथे आजारपणात कोणीतरी हात देऊ शकते. पद्धत ही साहेबाच्या सोयीसाठी असते असे आपण धरून चालतो. ती सोबतणीच्या सोयीसाठीही असू शकते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. कोण किती तास टेबलाशी बसली हे पाहायला शर्लींकडे कोणी मुकादम नव्हता, आणि असता तरी त्याने किती घरांत डोकवावे? त्यांनी ग्राहकांना आधीच ठरलेली एकरकमी किंमत सांगायला सुरुवात केली. त्यामुळे कोणी दुपारी काम केले की पोरे झोपल्यावर रात्री, याची चौकशी करायचे ग्राहकाला कारणच राहिले नाही. काम वेळेवर आणि नीट झाले की झाले. माणसावर विश्वास टाकायचा आणि टेलिफोन हाताशी ठेवायचा, एवढेच आमचे तंत्र होते, असे त्या म्हातारपणी सांगत.

असे करणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात एल्सी शट नावाच्या प्रोग्रॅमर होत्या. मूल होणार म्हणून त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यांनी १९५७-५८च्या सुमारास अशाच घरी बसलेल्या आयांना घेऊन आपला व्यवसाय उभा केला. दोन देशांत, एकमेकींपासून हजारो मैलांवर, दोन बायकांना जवळजवळ एकाच वेळी एकच उपाय सुचला. दार दोन्हीकडे एकसारखेच बंद झाले होते, म्हणून किल्लीही एकसारखीच घडली.

मात्र या गोष्टीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. टेलिफोनची अट म्हणजे बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या घरांची अट. मजूर वस्तीतल्या बाईला तिथे जागा नव्हती. आणि काम असेल तेव्हा पैसे, नसेल तेव्हा नाही, हा फ्रीलान्स व्यवहार जितका मोकळा तितकाच बेभरवशाचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मंदी आली तेव्हा कंपनी बुडता बुडता वाचली. खुद्द शर्लींच्या घरी मोठे दुःख होते. त्यांचा मुलगा जाइल्स १९६३ साली जन्मला. त्याला तीव्र स्वमग्नता होती. एका हाताने कंपनी आणि दुसऱ्या हाताने ते लेकरू, असे त्यांचे आयुष्य गेले. तो पस्तीस वर्षांचा होऊन १९९८ साली वारला. इतरांच्या घरातल्या अडचणी या बाईंना कळत, कारण त्यांच्या स्वतःच्या घरात मोठी अडचण होती.

१९७५ साली एक मौजेची गोष्ट घडली. ब्रिटिश संसदेने लिंगभेदाविरुद्ध कायदा केला. बाईला बाई म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा तो कायदा. पण कायदा दोन्ही बाजूंनी कापतो. फक्त बायकांना काम देणारी ही कंपनीच आता बेकायदा ठरली! तेव्हा त्यांनी आपल्या उद्देशातला शब्द बदलला. मुले असलेल्या बायकांच्या जागी, ज्यांच्यावर कोणी अवलंबून आहे अशी माणसे, असा अर्थ आणला आणि पुरुषांनाही घेतले. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. म्हाताऱ्या वडिलांची सेवा करणारा मुलगा आणि तान्ह्या बाळाची आई हे एकाच जातीचे कामगार आहेत, हे त्या एका शब्दाने कबूल केले.

तिसरी गोष्ट मालकीची. शर्लींनी कंपनीतले आपले समभाग टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्यांच्या हाती दिले. नव्वदीच्या दशकात कंपनीचा मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांकडे होता. १९९६ साली कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली, आणि पुढे त्या मालकीमुळे तिथले सत्तर जण लक्षाधीश झाले, तेही पौंडांत. स्वतः शर्लींच्या वाट्याला आलेली संपत्ती त्यांनी बहुतांशी वाटून टाकली. स्वमग्न मुलांसाठी शाळा काढली, ऑक्सफर्ड विद्यापीठात २००१ साली इंटरनेटच्या अभ्यासाची संस्था उभी राहायला मदत केली.

समभागांची गोष्ट वाचताना मला पुन्हा सोलापूर आठवले. १९६६ साली, म्हणजे अॅन मोफॅटबाईंचे ते छायाचित्र निघाले त्याच वर्षी, आपल्या देशात विडी कामगारांसाठी कायदा झाला. घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे, हे त्या कायद्याने मान्य केले. पुढे याच बायका संघटनेत आल्या, मोर्चे काढले, आणि सोलापूरजवळ कुंभारी इथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या मिळाल्या. वसाहतीला नाव दिले गोदूताई परुळेकरांचे. इकडे समभाग, तिकडे घराची किल्ली. दोन्हीकडे, एकेकटीच्या घरात विखुरलेली माणसे एकत्र आली तेव्हाच त्यांच्या हाती काही मालकीचे आले.

शर्लींच्या कंपनीचा आपल्या देशाशी थेट संबंधही आहे. नावे बदलत बदलत ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ची ‘एफ इंटरनॅशनल’ झाली, मग ‘एफआय ग्रुप’. १९९७ साली तिने दिल्लीजवळची ‘आयआयएस इन्फोटेक’ ही भारतीय कंपनी घेतली. २००१ साली तिचे नाव ‘झान्सा’ झाले आणि २००७ साली फ्रान्सच्या ‘स्टेरिया’ने ती विकत घेतली, तेव्हा तिचे निम्म्याहून अधिक कर्मचारी भारतात होते. इंग्रज आयांच्या स्वयंपाकघरात लावलेले रोप नोएडा आणि चेन्नईच्या काचेच्या इमारतींत वाढले. फक्त तोपर्यंत ते घरातून कचेरीत गेले होते.

कारागीर एकत्र येतात तेव्हा नुसती कंपनीच निघते असे नाही. कधी जमात होते, कधी बिरादरी. लंडन शहरात मध्ययुगापासून कारागिरांच्या श्रेणी आहेत. कापडवाले, मासळीवाले, सोनार, शिंपी, प्रत्येकाची वेगळी. त्या मालिकेत १९९२ साली शंभरावी श्रेणी सामील झाली, ती माहिती तंत्रज्ञानाच्या लोकांची. मासळीवाल्यांच्या पंगतीला संगणकवाले जाऊन बसले. त्या वर्षी त्या श्रेणीच्या प्रमुखपदी होत्या स्टेफनी शर्ली. त्याआधी ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्षही त्याच होत्या. आपल्याकडेही ही ओढ जुनी आहे. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना १९६५ची. देशात संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असताना ते वापरणारी काही मंडळी आपसांत भेटू लागली, अडचणी सांगू लागली, त्यातून ती संस्था झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ज्यांच्या मार्गदर्शनाखाली टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामाला लागला, ते प्रा. आर. नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष. म्हणजे यंत्रे मूठभर होती, तेव्हाही माणसांना कट्टा हवाच होता.

आणि आज? २०२०च्या मार्चमध्ये हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या इमारती एका आठवड्यात ओस पडल्या आणि लाखो माणसे आपापल्या घरच्या टेबलाशी बसली. कोणी पुण्याच्या दोन खोल्यांत, कोणी लातूरला, कोणी चिपळूणला. काम थांबले नाही. शर्लींनी अठ्ठावन्न वर्षांपूर्वी जे दाखवले होते, ते जगाने एका आठवड्यात मान्य केले. पण मान्य केले ते अर्धेच. घर घेतले, टेबल घेतले, टेलिफोनच्या जागी मोठी तार घेतली, मात्र त्या टेबलांना एकमेकांशी जोडणारे जे होते, ते मागेच राहिले.

विश्वासाच्या जागी काही ठिकाणी अशा युक्त्या आल्या की, माणूस किती वेळ कळफलकाला हात लावतो हे यंत्रच मोजते. म्हणजे मुकादम पुन्हा आला, आणि या वेळी तो थेट घरात येऊन बसला. एकमेकींचे काम सावरण्याच्या जागी प्रत्येकाच्या कामाला वेगळा क्रमांक आणि वेगळी शर्यत आली. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारी. दोन वर्षे घरून काम करून ती मला म्हणाली, “मावशी, माझ्या टीममध्ये अकरा जण आहेत. त्यातल्या चौघांचे चेहरे मी कधीच पाहिले नाहीत. कोणाला मूल झाले, कोणाचे वडील गेले, काही कळत नाही. कळते ते फक्त कोणाचे काम अडले आहे.” पगार चांगला होता. तक्रार पगाराची नव्हतीच.

दुसरे टोकही आहे. २०१७ साली आपल्याकडे मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले, आणि कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर आईने घरून काम करावे, दोघांच्या संमतीने, अशीही सोय झाली. शर्लीबाईंनी टेबलावर जे मांडले ते पंचावन्न वर्षांनी आपल्या कायद्याच्या एका कलमात उतरले. तरीही पहिल्या मुलानंतर नोकरी सोडणाऱ्या हुशार मुली आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. कलम असले तरी साहेबाला ते विचारायची भीती वाटते. घरून काम मागणारी बाई ‘तेवढी मनापासून काम करणारी नाही’ असे अजून मानले जाते. बाळाचा आवाज अजूनही लपवावाच लागतो. फीत गेली, आता नुसते एक बटण दाबले की आवाज बंद होतो.

स्टेफनी शर्ली ९ ऑगस्ट २०२५ रोजी गेल्या, वयाच्या ९१व्या वर्षी. जिच्या आईबापांनी तिला अनोळखी लोकांच्या हवाली करून गाडीत बसवले, त्या मुलीने अनोळखी लोकांवर विश्वास टाकून कंपनी चालवली. मला यात विसंगती दिसत नाही. आपले आयुष्य परक्यांच्या भलेपणावर उभे आहे हे ज्याला लहानपणीच कळले, त्याला न दिसणाऱ्या सहकाऱ्यावर भरवसा ठेवणे जड जात नसावे.

घरून काम चांगले की कचेरीतून, हा वाद सध्या जोरात आहे. २०२२-२३नंतर अनेक कंपन्यांनी माणसे परत बोलावली, काही अजून घरीच आहेत. पण मला वाटते, प्रश्न छताचा नाहीच. एका छताखाली हजार माणसे एकेकटी बसलेली आपण पाहिली आहेत, आणि शंभर छपरांखाली विखुरलेल्या बायका एक झालेल्याही पाहिल्या. तेव्हा संगणकाच्या क्षेत्रातल्या माझ्या तरुण भाच्यांना, भाच्यांच्या साहेबांनाही, तीनच प्रश्न विचारावेसे वाटतात. तुझे काम अडले तर उचलून धरणारे कोणी आहे का, आणि त्याचे अडले तर तुला ते वाचता येते का? तू काम करतोस यावर कोणाचा, तुला न पाहता, विश्वास आहे का? आणि जे तुम्ही सगळे मिळून घडवता, त्यात तुमचा काही वाटा आहे का?

या तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर टेबल कुठेही असू द्या.